काजूच्या भाटात बेअरबो आणि कंपाउंडची जोडी

माझ्या हातात बेअरबो, म्हणजे नेमाची साधनं नसलेलं साधं धनुष्य; जोडीदाराच्या हातात कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य. भाट (काजूची बाग) एक, वाट एक, समोरचं फोमचं रानडुक्कर एक. पण दोरी ओढल्यापासून बाण रुतेपर्यंत दोघांच्या बाबतीत जे घडतं त्यात साम्य फार थोडं. अशी जोडी नीट चालायची तर खुंट्या (जिथून बाण मारायचा त्या जागेच्या खुणा) कुठे ठोकायच्या, वाटेतली फांदी किती उंचावर हवी, आधी कोणी ओढायचं, कोणाच्या बाणाला कोणी हात लावायचा, हे सगळं दोन्ही धनुष्यांच्या आकड्यांवरून ठरवावं लागतं. एकाच धनुष्याच्या सोयीने फेरी आखली तर दुसऱ्याचा सराव होतच नाही, तो नुसता सोबत चालतो. आमच्या फेरीत जी पद्धत बसली आहे ती तिच्या कारणांसकट मांडतो.

जनावर फोमचंच, हे आधी स्पष्ट करतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात मारणं, पकडणं, हाकणं, आमिष लावणं आणि तसा प्रयत्न करणं हे सगळं शिकारीतच मोजलं जातं. हत्यार बंदूक आहे की धनुष्य, याने काही बदलत नाही. याच कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरता येत नाही. गोव्यातली म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्यं १९९९ साली जाहीर झाली. सत्तरी-सांग्यातली पुष्कळ काजूची भाटं त्यांच्या कडेलाच आहेत. म्हणून भाटकाराची, म्हणजे भाटाच्या मालकाची, परवानगी घ्यायची, हद्द त्याच्यासोबत चालून पाहायची, आणि भाटात पोचेपर्यंत धनुष्य चेन लावलेल्या पिशवीतच ठेवायचं. फेरीत गवा दिसला तर बाण भात्यात, धनुष्य पिशवीत, आणि आल्या वाटेने मागे. त्या दिवसाची फेरी तिथेच संपली असं धरायचं.

फोमच्या जनावरांचा खेळ मात्र खऱ्या शिकाऱ्यांच्या सरावातूनच आला. अमेरिकेत धनुष्याची शिकार कायदेशीर आहे. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली फक्त धनुष्यासाठी हरणांचा वेगळा हंगाम ठेवला. तिकडे कंपाउंडवाला आणि साधं धनुष्य वापरणारा एकत्र बसतात तेव्हा जागा साध्या धनुष्याच्या पल्ल्याने निवडतात, कारण तो साधारण २० यार्डांच्या पुढे बाण सोडत नाही, आणि कंपाउंडवाल्याला जवळचं जनावर कधीच अडचणीचं नसतं. आमच्याही फेरीचा पाया हाच आहे.

बेअरबो म्हणजे दिसायला रिकर्व्हच (टोकं पुढे वळलेलं धनुष्य), पण त्यावर साइट (नेमाचं साधन) नाही, लांब स्टॅबिलायझर (तोल धरणारा दांडा) नाही, क्लिकर (पूर्ण ओढल्यावर टिकटिकणारी पट्टी) नाही, नेमासाठी कसलीही खूण नाही. रायझरला (मुठीच्या मधल्या भागाला) वजन लावता येतं, पण दोरी उतरवलेलं धनुष्य १२.२ सेंटिमीटर आतल्या व्यासाच्या कड्यातून पार व्हायला हवं, असा नियम आहे. माझं धनुष्य ६८ इंची, बोटांवर येणारा ताण ३६ पाउंड. जोडीदाराच्या कंपाउंडचा सर्वाधिक ताण ५० पाउंड. पण कॅम (टोकांची चाकं) फिरून दोरी मागे बसली की ८० टक्के भार उतरतो आणि हातात उरतात फक्त १० पाउंड. दोरी बोटांनी न सोडता रिलीजने (हातात धरायच्या ट्रिगरच्या साधनाने) सोडायची, दोरीत पीपचं, म्हणजे डोळा लावून पाहायचं, भोक, पुढे भिंग लावलेला स्कोप, त्यात पाणसळीचा बुडबुडा.

माझा बाण सेकंदाला साधारण १९० फुटांनी जातो, त्याचा २७० ने. म्हणजे ५८ मीटर आणि ८२ मीटर. यावरून पुढचं सगळं निघतं. ३० मीटर जायला माझ्या बाणाला अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त लागतं आणि तेवढ्या वेळात तो १.३ मीटर खाली येतो. जोडीदाराचा बाण त्याच अंतरात ६५ सेंटिमीटर पडतो. हवेचा अडथळा यात धरलेला नाही, तो धरला तर दोन्ही आकडे थोडे वाढतात. आता अंतराचा अंदाज चुकला असं समजा. जनावर ३० मीटरवर आहे आणि दोघांनीही ते ३ मीटर कमी धरलं. माझा बाण १३ सेंटिमीटर खाली लागेल, त्याचा साडेसहा. रानडुकराच्या छातीवर साडेसहा सेंटिमीटर खाली म्हणजे बाण अजून वर्तुळांच्या आसपास. १३ सेंटिमीटर खाली म्हणजे ८ गुणांचं वर्तुळ हुकून ५.

जागतिक तिरंदाजी संघाच्या थ्री-डी (फोमच्या जनावरांच्या) नियमांत लाल खुंटी कंपाउंडची, जास्तीत जास्त ४५ मीटर. निळी खुंटी बेअरबो, लाँगबो आणि पारंपरिक धनुष्याची, जास्तीत जास्त ३० मीटर. फेरीत २४ जनावरं असतात आणि अंतर कुठेच लिहिलेलं नसतं. गुण ११, १०, ८ आणि ५. नुसतं शिंग किंवा खूर लागला तर काही नाही. ४५ मीटरवरून कंपाउंडचा अंदाज ३ मीटर चुकला तर बाण १० सेंटिमीटर हलतो. ३० मीटरवरून माझा १३. म्हणजे आपापल्या खुंटीवरून दोघांसमोरचं काम जवळपास सारख्या कष्टाचं होतं. म्हणूनच एका खुंटीवरून दोघांनी मारून गुणांची तुलना करण्यात अर्थ नाही. त्यात कंपाउंडवाल्याला काही शिकायला मिळत नाही आणि बेअरबोवाल्याचा हात अंतराच्या ओढीने बिघडतो: तो दोरी जास्त मागे खेचायला लागतो, खांदा वर चढतो.

आमची फेरी छोटी आहे, पण प्रत्येक जनावराला दोन खुंट्या आहेत. खुंटी ठोकण्याआधी मागची बाजू पाहायची. बाण चुकला तर कुठे थांबेल, याचं उत्तर मातीचा चढ किंवा बांध हेच हवं. मासेमारीचं जुनं जाळं सैल टांगून मागे लावण्याची युक्ती बरेच जण करतात. माझा दमलेला बाण ते अडवतं. कंपाउंडच्या बाणापुढे त्यावर भरवसा ठेवू नये, बारीक टोकाचा वेगवान बाण दोऱ्यांमधून निघून जातो. मोकळ्या हवेत, चढ्या कोनात सुटलेला कंपाउंडचा बाण तीनशे मीटरांच्या पुढेही जाऊ शकतो. म्हणून दोरी ओढताना धनुष्य आभाळाकडे न्यायचं नाही, बाणाचं टोक सतत जनावराच्या खालच्या अर्ध्यावर हवं. हा नियम दोघांनाही, आणि तो मोडताना दिसला की दुसऱ्याने लगेच थांबवायचं. थांबवायचा शब्द आम्ही ‘राव!’ (कोंकणीत ‘थांब!’) ठेवला आहे, कारण भाटात काम करणाऱ्यांना तो त्याच क्षणी कळतो आणि तेही आम्हाला तोच ओरडून थांबवू शकतात.

जांभ्याचा उघडा खडक किंवा चिऱ्यांची गडग मागे असेल तर ती जागा सोडून द्यायची. बाण मोडतो हे एक, आणि खडकावरून उसळून तो बाजूला कुठे जाईल ते सांगता येत नाही, हे त्याहून मोठं कारण.

आता फांद्या. मिश्र जोडीची फेरी बहुतेकांची इथेच अडते. बाण सरळ रेषेत जात नाही, कमानीत जातो. धनुष्यापासून जनावराच्या छातीपर्यंत सरळ सुतळी ताणली तर मधोमध माझा बाण त्या सुतळीच्या ३३ सेंटिमीटर वर असतो. कंपाउंडचा ४५ मीटरवरून ३७ सेंटिमीटर. उंची जवळजवळ सारखी, पण जागा निराळी. माझा बाण जनावरापासून १५ मीटरवर सर्वांत उंच असतो, त्याचा साडेबावीस मीटरवर. म्हणजे एका बाणाला मोकळी असलेली वाट दुसऱ्याला मोकळी असेलच असं नाही. काजूची फांदी खाली झुकून आडवी पसरते, त्यामुळे भाटात हे पावलोपावली आडवं येतं. त्यात कंपाउंडवाला पीपमधून पाहतो तेव्हा त्याला फांदी दिसतच नाही. नजर फांदीखालून स्वच्छ जाते आणि बाण तिला लागतो.

तपासायची रीत सोपी आहे. एकाने खुंटीवर उभं राहून सुतळीचं टोक हनुवटीच्या उंचीला धरायचं, दुसऱ्याने ते जनावराच्या छातीवर टेकवायचं. मग ४० सेंटिमीटरची काठी घेऊन सुतळीखाली मधल्या भागात चालत जायचं. काठी सुतळीवर उभी धरल्यावर वर जे टेकेल ते बाणालाही लागू शकतं. दोन्ही बाजूंना एक एक वीत मोकळी हवी. हे दोन्ही खुंट्यांवरून वेगवेगळं करायचं. काही आड आलं तर फांदी छाटायची नाही. डिसेंबरपासून काजूला मोहोर येतो आणि एक डहाळी म्हणजे कोणाचं तरी उत्पन्न. खुंटी दोन पावलं सरकवली की बहुतेक वेळा काम होतं.

खुंटीची जागा निवडताना धनुष्याची लांबीही पाहायची. जोडीदाराचं धनुष्य धुरीपासून धुरीपर्यंत ३६ इंचांचं, ते कुठल्याही फांदीखाली मावतं. माझं ६८ इंची वरच्या डहाळीला अडतं, आणि गुडघ्यावर बसून मारायचं तर खालचा लिम्ब (धनुष्याचा लवणारा भाग) दगडाला नाहीतर मांडीला लागतो. लिम्ब कशालाही टेकला की बाण कुठे जाईल याचा नेम नाही, शिवाय लिम्बाचं टोक चिरण्याची भीती. म्हणून निळ्या खुंटीच्या वर आणि आजूबाजूला हात फिरवून नुसतं धनुष्य ओढून पाहायचं, बाण न लावता. ओढलेली दोरी मात्र सोडायची नाही, हळूहळू परत आणायची. बाणाशिवाय दोरी सोडली तर बाणात जायची ती सगळी ताकद लिम्बांत परत येते. रिकर्व्हचे लिम्ब त्याने तडकतात. कंपाउंडची केबल कॅमवरून उडते, कॅम वाकतो, लिम्ब फुटतो. जोडीदाराचं धनुष्य ‘जरा ओढून पाहतो’ म्हणत हातात घेणाऱ्याकडून हेच होतं, कारण रिलीजच्या ट्रिगरवर बोट कधी पडलं ते सवय नसलेल्याला कळत नाही. एकमेकांचं धनुष्य ओढून पाहायचं नाही, हा आमच्यातला पक्का नियम.

अंतराचा अंदाज दोघांनीही मनात करायचा, बोलायचा नाही. स्पर्धेत अनोळखी अंतरावर एकमेकांना आकडा सांगणं नियमाबाहेर आहे, आणि सरावात सांगितला तर दुसऱ्याचा डोळा तयार होत नाही. वहीत लिहायचं, बाण मारून झाल्यावर टेप लावायचा. भाटात दोन ठिकाणी डोळा हमखास फसतो. मध्ये ओहोळ किंवा खोलगट भाग असला की जनावर जवळ वाटतं. दाट सावलीच्या बोगद्यातून पाहिलं की लांब वाटतं. उतारावर टेपचं अंतर धरायचं नाही, आडवं अंतर धरायचं: २० अंशांच्या उतारावर ३० मीटर म्हणजे २८ आणि थोडं, ३० अंशांवर २६. वर मारा की खाली मारा, कमीच धरायचं. कंपाउंडवाला साइट त्याप्रमाणे खाली-वर करतो. मी टॅब (बोटांवरचं चामडं) दोरीवर सरकवतो: बाण माझ्या डोळ्याच्या जेवढा जवळ तेवढं जनावर जवळ. टॅबच्या शिवणीचे टाके मोजून बाणाच्या किती खाली बोटं धरायची ते अंतरागणिक ठरलेलं असतं. ही सरक प्रत्येकाची स्वतःची असते. चेहऱ्याची ठेवण, बाणाची लांबी, ताण यांवर ती ठरते, म्हणून दुसऱ्या बेअरबोवाल्याचेही टाके चालत नाहीत, मग कंपाउंडवाल्याच्या साइटचे आकडे कुठून चालणार? बोटं फार खाली सरकली की दोन लिम्बांवरचा ताण विषम होतो आणि धनुष्य खडखडतं. त्यासाठी टिलर (दोरीपासून दोन्ही लिम्बांच्या अंतरातला फरक) शून्याच्या आसपास ठेवतो आणि नॉकची (बाणाच्या मागच्या खाचेची) जागा थोडी वर.

बाजूच्या उतारावर उभं असताना धनुष्य नकळत कलतं. ३ अंश डावीकडे कललं तर ४५ मीटरवर कंपाउंडचा बाण साधारण ८ सेंटिमीटर डावीकडे लागतो. त्याच्याकडे बुडबुडा आहे, माझ्याकडे नाही. म्हणून माझ्या पाठीमागे उभं राहून सुपारीच्या किंवा माडाच्या सरळ खोडाशी माझं धनुष्य ताडून पाहणं हे त्याचं काम. मागून पाहणाऱ्याला १ अंशही दिसतो, ओढणाऱ्याला दिसत नाही.

यापुढचा मुद्दा वेळेचा. जोडीतले सगळ्यात जास्त खटके यावरूनच उडतात. १० पाउंड धरून कंपाउंडवाला दहा-बारा सेकंद शांत उभा राहू शकतो. वाऱ्याने डहाळी आड आली तर थांबतो, ती बाजूला झाली की सोडतो. मला ३६ च्या ३६ पाउंड बोटांवर पेलायचे आहेत. दोरी हनुवटीखाली टेकल्यापासून तीन-चार सेकंदांत बाण सुटला नाही तर पाठीचा ताण ढिला पडतो, बाण पुढे सरकतो आणि खाली लागतो. अशा वेळी ‘थांब, घाई करू नकोस’ हा कंपाउंडवाल्याचा सल्ला बेअरबोवाल्याला हानिकारक. सांगायचंच झालं तर ‘उतरव आणि परत ओढ’ असं सांगावं. तसंच मी त्याला ‘आता सोड’ म्हणणं चूक, कारण तो बोटाने ट्रिगर दाबत नाही, पाठ आवळत नेतो आणि रिलीज आपोआप सुटतो. कानावर शब्द पडला की तो दचकून दाबतो. म्हणून दोरी ओढलेल्या माणसाशी ‘राव’ सोडून एकही शब्द बोलायचा नाही.

कोणी आधी मारायचं? आम्ही बेअरबो आधी ठेवतो. जोडीदाराने आधी मारलं तर त्याचे बाण बहुधा मधोमध असतात आणि माझी नजर जनावरावरून हटून त्या पिसांवर जाते. साइट नसलेल्या माणसाला छातीवरचा एखादा ठिपका, रंगाचा ओघळ पकडून ठेवावा लागतो. तिथे दुसऱ्याचा नॉक असला की डोळा तोच धरतो. मी आधी मारलं की मात्र माझे बाण धोक्यात येतात. त्याचा बाण २२ ग्रॅमच्या वर वजनाचा आणि ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाचा. तो माझ्या नॉकवर बसला तर नॉक फुटतो आणि नळी मागून चिरते. म्हणून जिथे माझे दोन्ही बाण १० च्या वर्तुळात जवळजवळ बसलेत तिथे जोडीदार मागच्या पायाजवळ चिकटवलेला कागदी ठिपका धरतो. गुण मोजायचे नसतील तर एका खुंटीसमोर दोन जनावरं ठेवावीत, हे सगळ्यात बरं.

घरी बनवलेलं जनावर कंपाउंडला झेपेल असं हवं. त्याच्या बाणात साधारण ७६ ज्यूल ऊर्जा असते, माझ्या बाणात ३२. पॅकिंगचा पांढरा हलका फोम माझा बाण थांबवतो आणि त्याचा पिसांपर्यंत आत घेतो. इव्हीए फोमचे तक्ते एकावर एक रचून ३० सेंटिमीटर खोली ठेवायची, वर-खाली प्लायवूड, चार कोपऱ्यांत आट्यांच्या सळया, आणि नट आवळून तक्ते दाबून धरायचे. बाण तक्त्यांच्या कडेवर मारायचा, म्हणजे तो दोन तक्त्यांमध्ये शिरून घर्षणाने थांबतो. पुढे कापडावर डुक्कर रंगवून लावायचं. मधले तक्ते आधी सैल होतात; ते काढून वर-खाली घालायचे आणि वरचे मध्ये आणायचे. रुंद पात्याचं शिकारी टोक या फोमवर कधीच नाही. ते फोम कापत जातं आणि परत निघत नाही.

वेगाने शिरलेल्या बाणाला फोम वितळून चिकटतो. कंपाउंडचे बाण काढताना म्हणूनच जास्त जोर लागतो. नळीच्या पुढच्या वीतभर भागाला ओला साबण चोळून ठेवला तर सुटायला सोपं जातं. काढताना एक हात फोमवर दाबून, दुसऱ्याने बाण फोमलगत धरून सरळ मागे ओढायचा. मागे दोन मीटरपर्यंत कोणी उभं राहायचं नाही, बाण अचानक सुटला की नॉक डोळ्याच्या उंचीवर येतो.

बाणांची अदलाबदल नाही, आणि इथे कारण नीट समजून घ्यावं. बाणाच्या नळीचा ताठपणा म्हणजे स्पाइन. २८ इंचांवर टेकवलेल्या नळीच्या मधोमध १.९४ पाउंड वजन टांगलं की ती जेवढी वाकते तो आकडा, इंचाच्या हजाराव्या भागात. माझे बाण ७०० चे, म्हणजे सात दशांश इंच वाकणारे. त्याचे ४०० चे. बोटांनी सोडलेली दोरी किंचित बाजूला सरकत पुढे जाते, त्यामुळे माझा बाण रायझरला वळसा घालत, वाकत-उलटत जातो. त्याला तेवढा लवचीकपणा लागतोच. जोडीदाराचा ताठ बाण माझ्या धनुष्यावर वळत नाही, रेस्टला (बाण टेकायच्या आधाराला) घासून डावीकडे जातो. नुकसान एवढंच. पण माझा लवचीक बाण त्याच्या ५० पाउंडांवर चढवला तर कॅमच्या धक्क्याने तो जागीच मोडू शकतो, आणि कार्बनच्या सुया धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. गडबडीत चूक होऊ नये म्हणून आमच्या नॉकचे आणि पिसांचे रंग पूर्ण वेगळे आहेत, आणि भातेही एकमेकांच्या विरुद्ध बाजूला.

रंगाचं आणखी एक. फेब्रुवारी-मार्चपासून भाटात लाल-पिवळे बोंडू पडलेले असतात. लाल किंवा पिवळ्या पिसांचा बाण त्यात सापडत नाही. पांढरा, गुलाबी किंवा आकाशी रंग घ्यावा. चुकलेला बाण काजूच्या सुक्या पाचोळ्याखाली जमिनीला समांतर घुसतो आणि वर काहीच दिसत नाही. बाणाच्या वाटेला आडवा, दाताळ्याने अलगद पाचोळा ओढत गेलं की नळी दाताळ्याला अडकते. हात घालून चाचपायचं नाही, पाचोळ्यात फुरसं असतं. सापडलेला बाण तसाच भात्यात जात नाही. नळी कानाजवळ धरून दोन्ही हातांनी हलकेच वाकवायची, फिरवत चारी बाजूंनी. करकर ऐकू आली किंवा टोकाजवळ बारीक चीर दिसली तर बाण तिथेच मोडून टाकायचा, म्हणजे पुन्हा कोणी लावणार नाही.

एकमेकांचं धनुष्य ओढायचं नाही, पण ते ओळखता यायलाच हवं, कारण काही दोष फक्त बाजूला उभ्या माणसालाच दिसतात. जोडीदाराच्या दोन्ही कॅमवर पांढऱ्या रंगाने केबलच्या रेषेत खूण केलेली आहे. तो पूर्ण ओढतो तेव्हा दोन्ही थांबे एकाच वेळी टेकतात का आणि खुणा जागेवर येतात का ते मी पाहतो. वरचा आधी टेकला तर एक केबल ताणली गेली आहे, बाण वर-खाली पसरणार. आता त्याची साइट हलवून उपयोग नाही, प्रेसमध्ये (लिम्ब दाबून धरणाऱ्या यंत्रात) लावून केबलला पीळ द्यावा लागतो, आणि ते काम भाटात होत नाही. पीपचं भोक डोळ्यासमोर न येता तिरकं यायला लागलं तर दोरीचा पीळ बदलला आहे. तो माझ्या धनुष्याच्या मागे उभा राहून दोरी दोन्ही लिम्बांच्या मध्यातून जाते का पाहतो, आणि पट्टी लावून दोरीपासून ग्रिपपर्यंतचं अंतर मोजतो. माझ्याकडे ते २१.५ सेंटिमीटर. अर्धा सेंटिमीटर कमी झालं की दोरी वाढली आहे, आवाज बदलतो, बाण शेपूट हलवत जातो. दोरीला चार-पाच पीळ वाढवले की परत जागेवर.

ते अंतर कमी का होतं? बहुतेक वेळा उन्हाने. एप्रिलमध्ये बंद गाडीत धनुष्य ठेवलं की दोरी ताणते आणि लिम्बांच्या थरांमधला डिंक नरम पडतो. कंपाउंडला हे जास्त बाधतं, कारण त्याची दोरी आणि केबल कायम ताणावरच असतात. दुपारची गाडी सावलीत असली तरी धनुष्य सोबत बाहेर काढायचं.

जांभ्याची तांबडी धूळ हा दुसरा त्रास. मेण लावलेल्या दोरीवर ती बसते आणि पॉलिशपेपरचं काम करते. कॅमच्या खाचेत साचली तर दोरीचं वेष्टण तिथेच झिजतं. धनुष्य जमिनीवर टेकवायचं नाही, स्टँड वापरायचा. फेरीनंतर जुन्या टूथब्रशने कॅमची खाच झाडायची, दोरी सुक्या कापडाने पुसायची आणि मगच मेण. अमेरिकन कंपाउंडला इंचाच्या मापाच्या अ‍ॅलन किल्ल्या लागतात, मिलिमीटरच्या घातल्या की स्क्रूची तोंडं गोल होतात. दोघांच्या किल्ल्या एकाच डब्यात ठेवू नयेत.

जून लागला की फेरी मिटते. पावसात दोरी पाणी पिऊन जड होते, नैसर्गिक पिसं मिटतात, टॅबचं चामडं फुगतं आणि नंतर त्यावर बुरशी येते. माझं धनुष्य दोरी उतरवून, लिम्ब वेगळे काढून, सपाट आडवे ठेवायचे. भिंतीला टेकवून ठेवले तर पिळतात. कंपाउंडची दोरी उतरवत नाहीत. लिम्बांचे बोल्ट दोन्हीकडे सारखेच, उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत, थोडे सैल करायचे आणि किती फेरे सोडले ते टेपवर लिहून रायझरला चिकटवायचं. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, लोखंडी स्क्रूंवर तेलाचं बोट. फोमची जनावरं चिऱ्यांवर उचलून, कारण प्लायवूडला वाळवी लागते. गवत वाळल्यावर, साधारण नोव्हेंबरात, खुंट्या पुन्हा शोधायच्या, सुतळी आणि काठी घेऊन वाटा परत तपासायच्या, कारण एका पावसाळ्यात फांदी हातभर वाढते. बोल्ट लिहिलेल्या फेऱ्यांनी आवळायचे, दोरीचं अंतर मोजायचं. पहिले बाण १० मीटरवरून, मातीच्या बांधासमोर, आणि एक जण ओढत असताना दुसऱ्याने बाजूला उभं राहून फक्त कॅम, दोरी आणि लिम्ब पाहायचे.